विंडोज १० चा सपोर्ट गेला, दुकानातली दोन मशीनं अजून ठणठणीत. काय करावं?

अनेरकाठ · ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

चोपडा तालुक्यात एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, पाटीवर मावलं तेवढं सगळं. दिवाळीपासून मान वर करायला फुरसत नाही. कापसाला ८,११० चा हमीभाव मिळावा म्हणून नोंदणीवाले, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, आणि नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचे हयातीचे दाखले.

तर दुकानात तीन मशीनं. काउंटरवरचं चौथ्या पिढीचं आय-थ्री, २०१४ ला जळगावहून असेंबल करून आणलेलं. मधे रॅम वाढवली, एसएसडी टाकली, पंखा दोनदा बदलला. मागच्या टेबलावरचं सहाव्या पिढीचं आय-फाइव्ह, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, रिफर्बिश्ड म्हणून घेतलं. तिसरा लॅपटॉप, बायकोच्या नावावर हप्त्यानं. त्यात विंडोज ११ आहे, त्याचं काही म्हणणं नाही.

पहिल्या दोघांवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. तपासून पाहिलं तर 'हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही'. मे महिन्यात ४५ डिग्रीला, दिवसातून चारदा लाइट जाते अशा जागी ज्यानं अकरा उन्हाळे काढले ते अटींत बसत नाही! मागच्या मशीनचं तर मला कोडंच आहे. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, टीपीएम २.०, त्यात आहे, बायोसमध्ये जाऊन मी स्वतः चालू केली. तरी नाही म्हणतं, कारण प्रोसेसर आठव्या पिढीच्या आतला. सहावी पिढी २०१५ ची आणि विंडोज १० पण २०१५ चं. बरोबरीची दोन माणसं, एक गेलं म्हणून दुसऱ्याला जित्तं सरणावर ठेवायचं का?

ज्याच्याकडून नेहमी माल घेतो तो म्हणाला, दोन्ही काढा, नवीन घ्या, ७०-८० हजारात काम होईल. एवढ्या पैशात मला एक चांगलं झेरॉक्स मशीन येतं.

माझा प्रश्न साधा आहे. आहे तसंच चालवत राहिलो तर नेमकं काय बिघडेल? खरं सांगा, भीती घालू नका.

मेहरूणची_बोरं · ९ नोव्हेंबर, रात्री ११:२५

दादा, उद्या सकाळी मशीन बंद पडणार नाही, हे आधी डोक्यातून काढा.

सपोर्ट गेला म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे पॅच यायचे, ते थांबले. यापुढे विंडोज १० मध्ये भोक सापडलं तर ते बुजवायला गवंडी येणार नाही. डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, व्हायरसची ओळख पटवणाऱ्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, पण डिफेंडर हा दारावरचा गुरखा आहे. मागच्या भिंतीला भगदाड पडलं तर तो काय करणार?

एक वर्षाची मुदतवाढ आहे. ईएसयू म्हणतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळतात. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'विनव्हर' टाइप करा. २२एच२ दिसलं पाहिजे, ते शेवटचं व्हर्जन. मग सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. बॅकअप सिंक चालू केलं तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर.

पण खोच अशी की ही सवलत घरच्या मशीनसाठी आहे. धंद्याच्या मशीनला दर वेगळा, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट. तुमचं दुकान घरात मोडतं की धंद्यात ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही बोललो नाही.

पांझराकाठी · १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

एवढं पुराण कशाला लावून राहिले भो? रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवायचा, टीपीएम आणि प्रोसेसरच्या अटी काढायच्या खुणेवर टिक करायची, अकरा घालायचं. माझ्या पाचव्या पिढीच्या लॅपटॉपवर दीड वर्षापासून चालू शे. मशीन चालस तं तिले म्हातारी काबरं म्हनानं?

मेहरूणची_बोरं · १० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

चालतं, नाही कुठं म्हणतोय. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. घरच्या लॅपटॉपला ठीक. ज्याच्या दारात सकाळी नऊला वीस माणसं उभी असतात त्यानं हा खेळ करू नये.

पुण्यातला_खान्देशी · १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

मूळ प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मी विचारतो. ते विंडोज १० ओरिजिनल आहे ना भाऊ?

अनेरकाठ · १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दोन दिवस गर्दी होती म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

मागच्या मशीनचं ओरिजिनल आहे, बुडाला स्टिकर आहे. काउंटरवरच्याचं विचारू नका. २०१४ ला असेंबल करून देणाऱ्यानं 'सगळं टाकून दिलंय' म्हटलं, आपण 'बरं' म्हटलं. त्या वेळी विंडोजला वेगळे पैसे पडतात हेच कोणाला ठाऊक होतं? एमएस-सीआयटीच्या क्लासला पण कोणी बोललं नव्हतं.

भुसावळकर_काका · १२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मी रेल्वेतून निवृत्त. वय ६८. माझा २०१३ चा डेस्कटॉप मुलगा भंगारात घालायला निघाला होता. मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. स्वतः नाही, शेजारच्या पोरानं टाकलं, मी चहा आणि शेवभाजी दिली. आज तीन वर्षं झाली. यूट्यूबवर कीर्तनं ऐकतो, तिकिटं काढतो, नातीला व्हिडिओ कॉल करतो. एकदाही व्हायरस नाही. 'तुमचा ट्रायल संपला' म्हणून मधेच कोणी आडवं येत नाही. सुरुवातीला फाइली सापडत नव्हत्या, सी ड्राइव्ह कुठाय म्हणून मी आठ दिवस शोधत होतो. नसतोच.

हयातीचा दाखला मात्र मोबाइलवरून काढला. चेहरा दाखवला, डोळे मिचकावले, झालं. पूर्वी बँकेत रांगेत उभं राहून आपण जिवंत आहोत हे साहेबाला पटवावं लागायचं.

अनेरकाठ, तुम्ही पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. आत काही न टाकता सगळं दिसतं. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं.

अनेरकाठ · १६ नोव्हेंबर, रात्री ११:५५

काका, तुमचं ऐकलं. आज रविवार, दुकान अर्धा दिवस. मिंट २२.२ पेनड्राइव्हवर घेतलं आणि मागच्या मशीनला लावलं. सांगतो काय काय झालं ते, जरा लांबेल.

चांगलं आधी. मशीन उघडलं आणि वाय-फाय स्वतःहून सापडलं. प्रिंटर लावला तर ड्रायव्हरची सीडी न मागता पहिलं पान बाहेर. हे पाहून मी खरंच खुर्चीत मागं टेकलो. विंडोजला याच प्रिंटरसाठी मी एकदा अख्खी दुपार घालवलेली आहे. स्कॅनर चालला. सातबाऱ्याची साइट उघडली, पीडीएफ उतरली.

आता घोडं कुठं पेंड खातं ते. पहिलं, अंगठ्याचं मशीन. माझ्याकडं जे आहे त्या कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि अँड्रॉइडला. लिनक्सवर त्याचा लाल दिवा लागतो, एवढंच. अंगठ्याशिवाय माझा निम्मा धंदा बसला. तसंही या दिवसात कापूस वेचणाऱ्या बायांचे अंगठे उमटत नाहीत. बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली असतात. काल एक मावशी आल्या, दहाही बोटं लावून पाहिली, तेल लावून पुसून पाहिलं, शेवटी डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट घेतलं. अशा माणसाला मी म्हणू का, की मावशी, थांबा, ड्रायव्हर शोधतो?

दुसरं, पत्रिका. माझ्याकडं २००९ पासूनच्या लग्नपत्रिका, गंधमुक्तीची कार्डं, भाडेकरार, वाटणीपत्रांचे मसुदे आहेत. सगळं श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरात. लिनक्सवर पहिलीच फाइल उघडली. वर मधोमध 'श्री गजानन प्रसन्न' असतं, तिथं इंग्रजी अक्षरं, डॉलरचं चिन्ह, दोन कंस आणि एक उलटा स्वल्पविराम. खाली नवरदेवाच्या नावाच्या जागी शिवी दिल्यासारखं काहीतरी. सोळा वर्षांचा माल, आणि वाचता येईना. मुलगा म्हणाला, पप्पा, ही एलियनची पत्रिका आहे.

सातपुड्यातला_मास्तर · १७ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ती एलियनची नाही, ती आपलीच चूक आहे, आणि माझ्या आवडीचा विषय आहे म्हणून सविस्तर लिहितो. शाळेला अजून वेळ आहे आणि आज नेट पण आहे.

जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट मशीनवर असेल तोवर 'गजानन', नसेल तर मुखवटा गळून खालचं इंग्रजी उघडं पडतं. प्रत्येक कंपनीनं मुखवटे आपापल्या परीनं लावले, म्हणून एका फॉन्टातलं दुसऱ्यात गेलं की वेगळाच गोंधळ. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ते विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर तेच राहतं. १९९१ पासून युनिकोड आहे. १९८६ पासून इनस्क्रिप्टचा कीबोर्ड आहे. आणि २०२५ मध्ये आपण अजून मुखवट्यांत पत्रिका छापतोय.

श्रीलिपीतून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. शंभर टक्के बरोबर येत नाही. रफार आणि जोडाक्षरं हमखास सरकतात, 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' मधला ऱ्य तर पाहायलाच नको. पत्रिका बदलत बसू नका. करार आणि वाटणीपत्रं तेवढी करा, तीही वाचून.

अंगठ्याचं म्हणाल तर ओटीजी केबलनं, म्हणजे फोनला यूएसबी जोडणाऱ्या वायरनं, मशीन अँड्रॉइड फोनला लावा. कंपनीचं सॉफ्टवेअर अँड्रॉइडला आहे असं तुम्हीच म्हणता.

आता माझा राग. केरळच्या शाळा गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, पोरं त्यावरच शिकतात. आपल्याच सरकारी सीडॅक संस्थेच्या चेन्नई केंद्रानं बॉस नावाचं लिनक्स काढलं, लिबरऑफिस मराठीत आहे, फायरफॉक्स मराठीत आहे. तरी एखादी सेवा ऑनलाइन करताना कोणी ठरवत नाही की ती कुठल्याही मशीनवर चालली पाहिजे. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१०. पंधरा वर्षं झाली. गावात माणसाला अंगठा द्यायचा असेल तर दुकानदारानं अमुक एक ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेतलेली असावी, ही अट कोणत्या कायद्यात आहे? कुठंच नाही. पण आहे.

पुण्यातला_खान्देशी · १७ नोव्हेंबर, दुपारी २:४०

मास्तरांशी सहमत. पण धागाकर्त्यानं विचारलं होतं की काय बिघडेल, आणि त्याचं खरं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

मे २०१७. वॉनाक्राय, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी घातला नव्हता ते बुडाले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, तरी इतका हाहाकार झाला की मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी वेगळा पॅच काढावा लागला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस. त्यानं मर्स्क या जहाज कंपनीच्या सिस्टिम पाडल्या आणि आपल्या न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल ठप्प झालं.

'माझ्या दुकानात चोरण्यासारखं काय आहे?' असं तुम्ही म्हणाल. भाऊ, डेस्कटॉपवर काय आहे ते बघा. लोकांची आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सहीचे फोटो. मशीन तुमचं आहे, कागद तुमचे नाहीत. डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम गेल्याच आठवड्यात अधिसूचित झाले. बहुतेक तरतुदी लागू व्हायला दीड वर्ष आहे आणि २५० कोटींचा कमाल दंड काही एसटी स्टँडसमोरच्या दुकानासाठी नाही. पण ज्या मावशीचं बोट तुम्ही तेल लावून पुसलंत, तिच्या खात्यातून पैसे गेले तर ती कोणाकडं येईल? विंडोजवाल्यांकडं नक्की नाही.

अनेरकाठ · १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

लागलं. पण बरोबर आहे.

आत्ता बसून पाहिलं. काउंटरवरच्या मशीनवर 'नवीन फोल्डर' एक ते सतरा आहेत. नऊ नंबरच्यात २०१६ ची आधार कार्डं निघाली. काही माणसं तर आता नाहीत. मी चोर नाही, पण ठेवली का? कारण गिऱ्हाईकच म्हणतं, 'मागच्या वेळी दिलं होतं ना, तुमच्याकडं असेलच.' आणि असतं. तोच माझा भरवसा आहे गावात, की याच्याकडं कागद असतो. पुसून टाकले तर उद्या दहा जण कुरकुरणार, घरी परत जाऊन कागद आणावा लागला म्हणून. सात किलोमीटर मोटरसायकल.

पांझराकाठी · १८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मशीनचं एवढं चाललंय, फोनचं कोणी बोललं नाही. बाबाकडं बटणाचा फोन होता, मेसेजचं ॲप असलेला. शेतातून पाण्याची मोटर चालू झाली का, मजूर आले का, सगळं त्याच्यावर आवाज पाठवून. एक दिवस ॲप चालेना. फोन ठीक, बॅटरी ठीक, ॲपवाल्यांनी त्या फोनची साथ सोडली. बाबा मला म्हणे, 'आते काय करानं? फोन तं चांगला शे.' त्याले काय सांगू, सपोर्ट म्हंजे काय?

युरोपनं या २० जूनपासून नियम केला. फोनची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि सात वर्षं सुटे भाग. आपल्याकडं २०२२ पासून राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल आहे. पोर्टल! कोणाले सक्ती नाही. कॉम्प्युटरला पण असा नियम पाहिजे, घेतानाच खोक्यावर छापा किती साल चालेल. औषधावर छापता, बिस्किटावर छापता.

मेहरूणची_बोरं · १८ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

खोक्यावर छापायचं मला शंभर टक्के पटलं. अगदी खरं सांगायचं तर विंडोज १० ची तारीख मायक्रोसॉफ्टनं दहा वर्षं आधीच सांगितली होती. आपण वाचली नाही, आणि विकणाऱ्यानं सांगितली नाही.

अनेरकाठ दादा, तुमच्यापुरतं बघू. एका मशीननं सगळी कामं करायची हा हट्ट सोडा. अंगठा आणि पैशाचं जे काही असेल ते फक्त लॅपटॉपवर. मागच्या मशीनवर मिंट, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फॉर्म भरायला आणि सातबाऱ्याला पुरे. काउंटरवरच्याची नेटची वायर ओढून काढा, श्रीलिपी आणि पत्रिका तिथंच राहू द्या. नेट नाही तर बाहेरचा चोर येत नाही. फक्त गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याला लावायचा नाही. आधी मिंटवर लावायचा, हवी ती फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घ्यायची, मग पुढं.

आणि एकदा हार्डडिस्कला बॅकअप. लाइट चारदा जाते म्हणता.

भुसावळकर_काका · १८ नोव्हेंबर, दुपारी ४:००

बॅकअप दोन घ्या. एक घरी ठेवा. रेल्वेत शिकलो.

अनेरकाठ · २३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

झालं ते सांगतो.

मागच्या मशीनवर मिंट टाकलं. दुकानातल्या पोराला दोन दिवस त्रास झाला, तिसऱ्या दिवशी तो मलाच शिकवायला लागला. अंगठा लॅपटॉपवर. मास्तरांची ओटीजीची युक्ती करून पाहिली, चालते, पण फोनच्या स्क्रीनवर फॉर्म भरताना माझा चष्मा घसरतो. अडीअडचणीला ठेवली आहे.

सतराही फोल्डर काल रात्री पुसले. शिफ्ट-डिलीट दाबताना हात थांबला होता, लपवणार नाही. आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, 'लोकांची कपाटं आपल्या घरात कशाला?' भिंतीवर कागद लावला आहे: 'आधार, पॅन दर वेळी सोबत आणणे. दुकानात ठेवले जात नाही.' आजच एक काका घरी परत गेले, बडबडत. आले परत तासाभरानं. सोबत मेथीची जुडी पण आणली, बहुतेक आपणच जास्त बोललो असं त्यांना वाटलं असावं.

काउंटरवरच्याची वायर काढली. खोक्यावर मार्करनं लिहिलं, 'नेट नाही. फक्त पत्रिका.' दुपारी स्टँडवरचा चहावाला वाचून म्हणाला, 'काय भाऊ, हे रिटायर झालं का?' हो म्हटलं. तर म्हणे, 'मग त्याचा पण हयातीचा दाखला काढून ठेवा, नोव्हेंबर संपत आला.'

पांझराकाठी · २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ते सगळं ठीक. काका शेवभाजीवर मिंट टाकून घेतात, तुमच्या मशीनला एवढ्या लोकांनी डोकं लावलं. भरीत पार्टी कधी?

अनेरकाठ · २३ नोव्हेंबर, रात्री ९:३२

शेतात वांगी तयार आहेत. काड्या पण आहेत. कळण्याच्या पुऱ्या माझ्याकडं. येताना पेनड्राइव्ह आणू नका.